अळणी ताट

मार्च लागला की माझ्या खाणावळीतली पोरं भात कमी खातात. भाताने झोप येते म्हणे. ताटाशेजारी झेरॉक्सचे कागद येतात, त्यांवर वरणाचे डाग पडतात. एरवी वाढायला दोन मिनिटं उशीर झाला तर ताटं वाजवणारी ही कार्टी या दिवसांत मी काय वाढलं तेही बघत नाहीत. बाहेर ऊन चढतं. कोपऱ्यावरचा गाडीवाला घडातून गळालेल्या द्राक्षांच्या मण्यांचा ढीग लावून ओरडत बसतो, त्यावर माश्या घोंगावतात. आणि गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठांतर चालतं, त्याची पुटपुट खाली स्वयंपाकघरापर्यंत येते. पुस्तक हातात घेतलेल्या पोराकडे बघून गल्लीतल्या बायकांना भरून येतं. मला येत नाही.

या दिवसांत मी वरण दोनदा चाखते. मीठ आहे ना, बघते. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका धडधाकट पोरीला दीड महिना अळणी जेवायला घातलं. तिला मीठ-तिखटाचं काही पथ्य नव्हतं. पथ्य दुसऱ्याच गोष्टीचं होतं आणि ते ती पाळत होती.

त्याच्या आदल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रातल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. तरुण, चष्मा लावणाऱ्या, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाल्या, केंद्रात राहून नशा सोडलेली मुलं कॉलेजात परत येतात. पण येतात कुठे, तर त्याच खोलीत, त्याच मित्रांत, त्याच टपरीसमोर. त्यांना ठरलेल्या वेळेला गरम जेवण हवं आणि वेळेला आलं नाही तर "कुठे मेलास?" असं विचारणारं माणूस हवं.

"ते मला येतं," मी म्हणाले.

"म्हणून तर तुमच्याकडे आले, आजी."

"पण लक्ष ठेवायला सांगू नका. एका माणसावर मी तीस वर्षं लक्ष ठेवलं. तो आता भिंतीवर फोटोत आहे."

तो माणूस म्हणजे माझा नवरा. रस्त्याच्या कामावर मुकादम होता. त्याला तीस वर्षं पित्त होतं. म्हणजे लोकांना मी तसं सांगायची. कामावर गेला नाही, पित्त. धाकट्या दिराच्या लग्नात मांडवातच आडवा झाला, उन्हाचं पित्त. विहारात पाचवं शील घेताना, नशेपासून लांब राहीन असं म्हणताना, त्याचे हात जोडलेले असायचे आणि पाय लटपटायचे. शेजारणीला मी म्हणायची, उपाशीपोटी चढतं त्यांना पित्त. शेवटी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. ती मात्र खरी कावीळ होती. तेव्हा मी पहिल्यांदा लोकांना खरं सांगितलं, दारूने लिव्हर गेलं म्हणून. लोक म्हणाले, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.

मग तीस वर्षं मी फसवत कोणाला होते? हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. उलट मला वाटायचं, मी जग ओळखते.

ताईंनी पाठवलेली चार-पाच पोरं जेवायला येऊ लागली. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या खोलीत ती गोल करून बसायची, मी चहा घेऊन जायची. आपण नशेशिवाय किती दिवस काढले ते प्रत्येकाने सांगायचं, हा तिथला रिवाज. कोणी दोनशे सांगायचं, कोणी मान खाली घालून एक. दोनशेवाल्याची कोणी आरती करत नसे आणि एकवाल्याला कोणी हसत नसे. मला हे आवडलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एवढे खरे आकडे एका खोलीत ऐकले नव्हते. पुढे ती पोरं खाणावळीतही ताट उचलताना हळूच आकडा सांगायची, आणि मी आकडा ऐकल्याशिवाय वाढत नसे.

पल्लवी त्यांच्यातलीच. बागलाणातल्या नामपूरची. वडील शाळेत मुख्याध्यापक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. पोरगी इथे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पाठदुखीच्या गोळ्यांनी सुरुवात झाली आणि मजल खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांपर्यंत गेली. दारूला निदान वास असतो. हिच्या खोलीतल्या पोरींना वाटायचं, हिला सारखा खोकला होतो. नोव्हेंबरपासून तीन महिने ती केंद्रात होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिची आई तिला घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पोरीला बाहेर बसवून, पदर तोंडाला लावून म्हणाली, "मावशी, लोकेस्ले काय सांगू? पोर लग्नले उनी शे."

बागलाणची पोरं जेवायला असल्यामुळे मला अहिराणी कळते. लोकांना काय सांगू, पोर लग्नाला आली आहे. मी वांगी चिरत होते. हात न थांबवता मी म्हणाले, "कावीळ सांगा. कावीळ कोणालाही होते, तिच्यात तीन महिने सहज जातात आणि ती लग्नात आडवी येत नाही."

त्या बाईचा चेहरा एकदम उजळला. माझे पाय धरायला वाकली. असं मी तिचं भलं केलं.

खोटं बोलायचं म्हणजे ते रोज शिजवावं लागतं. कावीळ झालेल्या पोरीला फोडणीची भाजी कशी वाढणार? शेजारच्या पाटावर तिच्याच वर्गातल्या पोरी. मी तिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं. पिवळं पाणी वरण, मऊ भात, उकडलेला दुधी. मीठ नाही, तेल नाही. भांडी बाजारातून तिच्या ताटावर नाव घालून आणलं, म्हणजे अदलाबदल नको. पोरीही मोठ्या मायाळू. कोणी उसाचा रस आणायची, कोणी गूळ-फुटाणे. "आजी, हिला लोणचं देऊ नका हं, कावीळ उलटते," असं मला बजावायच्या. पल्लवी ताट उचलताना म्हणायची, "आजी, चौऱ्याण्णव." पोरींना वाटायचं, कावीळ होऊन चौऱ्याण्णव दिवस झाले. "एवढी जुनी?" म्हणून त्या हळहळायच्या.

आणि ती माळ. आमच्याकडे कावीळ उतरवायला मुळ्यांची माळ घालतात. आधी ती डोक्यावर टोपीएवढी असते. मुळ्या सुकतात तशी ती लांबते, गळ्यात येते, छातीवर येते, मग पोटावर. माळ लांबली की कावीळ उतरली. ती कोणाच्याही डोक्यावर ठेवा, खांबाला घाला, लांबणारच. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं, तरी गावातून ती माळ त्यांनी स्वतः आणून पोरीला घातली. का, तर लोकांना दिसायला हवं. दर आठवड्याला पोरी बोटाने मोजायच्या. "अगं, चार बोटं उतरली!" नसलेला आजार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बरा होत होता. खऱ्या आजाराशी ती पोर एकटी झगडत होती, त्याची माळ कोणी मोजत नव्हतं.

दुपारी दोननंतर खाणावळ रिकामी झाली की ती मागच्या दाराने आत यायची. मी तव्यावरची भाकरी आणि खलबत्त्यातला हिरव्या मिरचीचा ठेचा तिच्यापुढे ठेवायची. दाराला कडी लावून. चोरून खायची ती, जशी तिने बाटल्या चोरून प्यायल्या असतील. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.

"आजी, नशा चढली," एकदा म्हणाली.

"थोबाड फोडीन," मी म्हटलं. दोघी हसलो.

त्याच दुपारी तिने सांगितलं. "एप्रिलमध्ये पेपर झाले की पुण्याची नोकरी पक्की आहे, आजी. नाही बसता आलं तर बाबा मेमध्ये लग्न उरकतील. स्थळं बघून ठेवलीत."

"मग काय झालं? लग्न काय कोणी करत नाही?"

"करतात ना. पण तिथे मी ताट उचलताना आकडा कोणाला सांगू?"

मी दुसरी भाकरी टाकली.

अडचण हजेरीची होती. तीन महिने गैरहजर, म्हणजे परीक्षेचा फॉर्म अडतो. आजारपणाचा दाखला दिला तर कॉलेज सवलत देतं. दाखला तिच्याकडे होता. केंद्राने दिलेला, ताईंच्या सहीचा, निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. गुरुजींनी तो बाजूला ठेवला आणि गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरकडून काविळीचा दाखला आणला. विभागप्रमुखांनी भेटायला बोलावलं तेव्हा गुरुजी मला म्हणाले, "मावशी, तुम्ही चला. तुम्ही पथ्याचं जेवण देताय, तुमचा शब्द राहील."

आदल्या दिवशी ताईंचा फोन आला. "आजी, खरा कागद द्यायला लावा. मी तिचं नाव न घेता तिथल्या सरांशी बोलले आहे. ते समजून घेतील." मी हो म्हणाले. फोन ठेवून मनात म्हटलं, ताई, तू शिकलेली आहेस, पण तुला जग माहीत नाही.

मी धुतलेलं लुगडं नेसून गेले. सरांची खोली थंड होती, पंखा डोक्यावर कुरकुरत होता. पल्लवीच्या गळ्यात माळ, पार पोटापर्यंत आलेली. मांडीवर पिशवी. गुरुजी हात जोडून बसलेले. एवढी वर्षं ज्यांच्यापुढे लोक हात जोडून उभे राहिले, ते.

सरांनी दाखला वाचला. बाजूला ठेवला. चिडले नाहीत. म्हणाले, "रक्ताचे रिपोर्ट नाहीत याच्यासोबत. मी डॉक्टरांना फोन केला होता. त्यांना पेशंट आठवत नाही."

"पेशंट पुष्कळ असतात, सर," गुरुजी म्हणाले.

"माझ्याकडे अळणी जेवते ती," मी म्हणाले. मला कोणी विचारलंही नव्हतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पल्लवीकडे. सावकाश बोलले. "बेटा, दुसरं काही असेल तर सांग. कसलाही उपचार असो, त्याला आपल्याकडे सवलत आहे. ते या खोलीबाहेर जाणार नाही. पण खोट्या कागदावर मी सही करू शकत नाही."

पल्लवीचा हात पिशवीत गेला. निळ्या फोल्डरचं टोक वर आलेलं मी पाहिलं. गुरुजी तिच्या दुसऱ्या बाजूला होते, त्यांना ते दिसलं नसावं. मला दिसलं. मी तिचं मनगट धरलं.

जोरात नाही धरलं. तशी गरजच नव्हती. पोरीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, आजी नको म्हणते आहे म्हणजे तसंच काहीतरी असेल. आजीला कळतं. तिचा हात सैल पडला आणि फोल्डर परत आत गेलं.

"दुसरं काही नाही, सर," गुरुजी म्हणाले.

सरांनी दार उघडलं होतं. आम्ही आतून कडी लावली.

फॉर्म अडला. पुढच्या वर्षी बसा, म्हणाले. बाहेर आल्यावर गुरुजी मला म्हणाले, "जाऊ द्या मावशी, अब्रू तरी राहिली." मी मान डोलावली. तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी ती सामान बांधून शेवटचं जेवायला आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "एकशे अडतीस." मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तिला वांग्याची भाजी वाढली. पोरी ओरडल्या, "आजी, कावीळ!" पल्लवी म्हणाली, "उतरली." तिने गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली, जेवली, ताट घासून पालथं घातलं आणि गेली. रात्रीच्या जेवणाला मी ते ताट उचललं तर खाली निळं फोल्डर.

मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. अक्षर लावून वाचायला मला वेळ लागतो. कागद मराठीत होता. तिने तीन महिने पूर्ण उपचार घेतले, एकही दिवस चुकवला नाही, इतर रुग्णांना अभ्यासात मदत केली, ती परीक्षेला बसण्यास योग्य आहे, सहकार्य करावे. खाली सही, शिक्का. त्यात लाजायचं कुठे आहे ते मी शोधत राहिले. माझ्या नवऱ्याला असा कागद मिळाला असता तर मी तो काच लावून भिंतीवर टांगला असता. या पोरीला मिळाला होता, आणि आम्ही तो पिशवीत दाबला.

ताई रविवारी आल्या. "कागद दाखवला का, आजी?"

"नाही."

"तिने नाही म्हटलं?"

"मी हात धरला तिचा."

ताईंनी खांद्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चहा टाका, मुलं आलीत." त्या अजूनही माझ्याकडे मुलं पाठवतात. का पाठवतात, मी विचारलेलं नाही. नामपूरला त्यांनी दोनदा फोन केला. गुरुजींनी नंबर चुकीचा आहे म्हणून सांगितलं.

एप्रिलच्या शेवटी पल्लवीच्या आईचा मला फोन आला. आवाजात पेढे. "मावशी, जमलं! मुलाचं सटाण्याला मेडिकल आहे. चांगलं मोठं दुकान, वर राहायला घर."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. "मेडिकलवाल्याला देऊ नका," मी म्हणाले.

"का बरं?"

"का म्हणजे? तुम्हाला माहीत नाही का? गोळ्यांच्या कपाटाखाली पोरगी नेऊन ठेवताय."

मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "पण मावशी, आता तर तिची कावीळ बरी झाली ना."

आधी वाटलं, शेजारी कोणी बसलं असेल म्हणून तशी बोलते आहे. पण नव्हतं कोणी. स्वयंपाकघरात एकटी होती, तिनेच सांगितलं. मी रचलेलं खोटं त्या बाईने तीन महिन्यांत इतक्यांदा सांगितलं होतं की तिच्यापुरतं ते खरं झालं होतं. पोरीला कावीळ झाली होती. माळ घातली, उतरली. बस.

मला तेव्हाच सटाण्याला जाऊन मुलाच्या घरी सांगता आलं असतं. नाही गेले. लग्न मोडल्याचं पाप नको, असं मनाला सांगितलं. शिवाय तिथे माझं ऐकतं कोण? मीच अळणी जेवणाची साक्षीदार.

लग्नाला मात्र गेले. मेमधलं ऊन, पत्र्याचा मांडव, वऱ्हाडाला आमरस. नवरा मुलगा बरा होता. हसतमुख, सगळ्यांना पाणी विचारणारा. तो वाईट असता तर मला सोपं झालं असतं. पल्लवीची मावशी सगळ्यांना सांगत होती, "आता काय, घरचंच मेडिकल. पोरीला औषधाला कमी पडायचं नाही."

साडीची घडी हातात देताना मी पल्लवीच्या कानाशी विचारलं, "किती?"

तिने वर पाहिलं. मांडवाच्या सावलीत, एवढ्या अंधुक उजेडातही तिच्या बुबुळांतले काळे ठिपके मोहरीएवढे होते. त्या बाटल्यांची नशा असली की ते अंधारातही मोठे होत नाहीत, हे ताईंनी मला शिकवलं होतं.

"मोजायचं सोडलं, आजी."

तेवढ्यात मामी ताट घेऊन आली आणि वाढणाऱ्याला ओरडली, "अरे, नवरीला तिखट रस्सा नको! तिला कावीळ झालेली." पल्लवी माझ्याकडे बघून हसली. ठेचा खाताना हसायची तसं नव्हतं ते.

पुढचं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं धाडस झालं नाही, हे जास्त खरं. नाव घातलेलं तिचं ताट फळीवर आहे. माळ खुंटीवर आहे, आता जमिनीला टेकायला आली आहे. निळं फोल्डर पिठाच्या डब्यामागे आहे.

यंदा मार्च लागला तेव्हा ताईंनी एक नवीन पोरगा पाठवला. कॉमर्सचा, नांदगावचा, माझ्याच माहेरचा. त्याच्यासोबत आई आली. पोराला बाहेर बसवलं, स्वयंपाकघरात आली, पदर तोंडाला लावला. मला पुढचं सगळं पाठ होतं.

"मावशी, आम्ही सगळ्यांना टायफॉइड सांगितलाय. तुम्ही पण तेच सांगा. आणि त्याला मऊ, बिनतिखटाचं द्या, म्हणजे लोकांना पटंल."

मी विळी बाजूला केली. म्हणाले, "बाई, तुझ्या पोराला टायफॉइड नाही. त्याने पावडर सोडली आहे. किती दिवस झाले?"

"हळू बोला!"

"त्याला विचार. त्याला ठाऊक असतंय."

दारातून पोरगाच म्हणाला, "बावन्न."

मी त्याला पाटावर बसवला. सगळ्यांच्या पंगतीत. वरणाला लसूण-मिरचीची फोडणी, वांग्याचा रस्सा, वर ठेचा. पोरगा घाम पुसत पुसत जेवला. दोनदा भात घेतला, परीक्षेच्या दिवसांत. शेजारच्याने विचारलं, "तुला टायफॉइड झालेला ना?" पोराने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी या वेळी त्याचा हात धरला नाही. तो म्हणाला, "नाही."

त्याची आई ताटकळत उभी होती. त्याचं जेवण संपताच पिशवी उचलली आणि त्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा पलीकडच्या गल्लीतल्या खाणावळीतून जातो. तिथे अळणी करून देतात म्हणे.